चौथ्या भागातली बाई

बाइंडरांनी पुस्तकाच्या पाठीवर सुरी टेकवली आणि नर्सबाईंनी डोळे मिटून घेतले. रोज इंजेक्शनं टोचणारी बाई, पण हे काही तिला बघवेना.

"अहो, शिवण उसवतोय फक्त. गळा कापत नाहीये कुणाचा," बाइंडर म्हणाले आणि कामाला लागले. एक घाव दोन तुकडे हा त्यांचा स्वभावच होता. या पुस्तकाचे त्यांनी चार घावांत पाच केले.

इलाजही नव्हता म्हणा. दर रविवारी सकाळी दहाला बाइंडरांच्या दुकानात पाच जणांचं वाचकमंडळ जमायचं. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं आणि मग त्यावर मनसोक्त भांडायचं, असा नियम. पण हे पुस्तक बाइंडरांना रद्दीच्या ढिगात सापडलेलं होतं. वर पुठ्ठा नाही, आत पहिलं पान नाही, त्यामुळे नाव कळेना आणि लिहिणाराही कळेना. दुसरी प्रत मिळवायची तर दुकानदाराकडे मागायची तरी काय? पाठीला निळं कापड होतं म्हणून सगळे त्याला 'निळं' म्हणू लागले होते.

बाइंडरांनी पाच तुकड्यांना तपकिरी कागदाची कव्हरं घातली, वर जाड पेन्सिलीनं आकडे घातले आणि हुकूम सोडला. "एका आठवड्यात एक भाग. रविवारी आपापल्या भागावर मत द्यायचं आणि भाग डाव्या हाताच्या माणसाला द्यायचा. पाच आठवड्यांत सगळ्यांचं सगळं वाचून होतं. आहे काय त्यात?"

पहिला भाग त्यांनी स्वतःकडे ठेवला, कारण दुकान त्यांचं आणि सुरीही त्यांची. त्यांच्या डावीकडे नर्सबाई, त्यांना दुसरा. मग गणिताचे मास्तर, त्यांना तिसरा. मग चष्मेवाले, त्यांना चौथा. शेवटी बेकरीवाल्या काकू, त्यांना पाचवा. "म्हणजे मी शेवट आधी वाचू?" काकूंनी विचारलं. "तुम्ही नाहीतरी शेवटचं पान आधी बघताच," बाइंडर म्हणाले, आणि काकूंनी भाग पिशवीत टाकला.

चष्मेवाले या मंडळात आले त्याला पाच वर्षं झाली होती. बायको गेल्यावर रविवार त्यांना खायला उठायचा, म्हणून आले आणि रमले. माणूस सरळ. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरून "आता बरं दिसतंय की आधी बरं दिसत होतं?" एवढंच विचारत आले होते, आणि लोकही खरं उत्तर देत आले होते. घरात मात्र तीन आठवडे झाले, त्यांना काहीच धड दिसत नव्हतं.

त्यांची मुलगी एका मंगळवारी एक बॅग घेऊन परत आली होती. लहानपणापासून ती गप्प राहून सतत काहीतरी करत असायची, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. लग्नाला चार वर्षं झाली होती. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "काही नाही," ती म्हणाली. तिची आई असती तर तिनं जवळ बसवून, डोक्यावरून हात फिरवून काढून घेतलं असतं. चष्मेवाल्यांना ते जमणारं नव्हतं. एकदा विचारून झालं, आता पुन्हा कसं विचारायचं, या पेचात त्यांनी तीन आठवडे काढले. मुंगी मूग गिळून बसली होती आणि बाप तिच्यापेक्षा जास्त.

जावई मात्र बोलायचा. नकाशे काढायच्या कचेरीत होता, बोलणंही तसंच आखीव. रोज संध्याकाळी सातला त्याचा फोन. आधी चष्मेवाल्यांच्या तब्येतीची चौकशी, मग तिची. आवाज कधी चढला नाही की तक्रार कधी केली नाही. एकदा दुकानात येऊन बसला, तेव्हा बोलता बोलता त्यानं काउंटरवरच्या सगळ्या फ्रेमा एका रेषेत लावून ठेवल्या. काय टापटीप माणूस, चष्मेवाल्यांना वाटलं. असा नवरा सोडून येते म्हणजे हिच्याच डोक्यात काहीतरी खूळ शिरलं असणार. जावई जाताना हळू आवाजात म्हणाला, "बाबा, पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी चार वाजता येतो. तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल."

"या. तयार ठेवतो तिला," चष्मेवाले म्हणाले. गिऱ्हाइकाचा चष्मा तयार ठेवतो म्हणावं तसं. शब्द तोंडातून गेला आणि दिलेला शब्द त्यांनी आयुष्यात कधी खाली पडू दिला नव्हता.

अशा डोक्यानं त्यांनी चौथा भाग वाचायला घेतला. त्यात एका घड्याळजीची बायको घर सोडून जाते. पुस्तकात सगळे तिला 'धाकटी' म्हणतात. जाते ती कशी, तर सकाळी नवरा दुकानात गेल्यावर दूध तापवते, झाकण ठेवते. त्याच्या सात शर्टांना इस्त्री करून ते टांगते. त्याच्या गोळ्या सात पुड्यांत बांधून प्रत्येकीवर वार लिहिते. घरातल्या अकरा घड्याळांना किल्ली देते. स्वतःचा कप धुऊन, पुसून, जागेवर ठेवते. खुर्ची टेबलाखाली सरकवते. मग दाराला कुलूप लावते आणि चावी फटीतून आत टाकून निघून जाते. चांगली नऊ पानं हेच चाललेलं. एक अश्रू नाही की चिठ्ठी नाही.

चष्मेवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुस्तकातल्या बाईवर इतकं रागवायचं काही कारण नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं, पण राग यायचा थांबेना.

पुढच्या रविवारी सगळ्यांनी मतं दिली आणि गोंधळाला तोंड फुटलं.

"माणूस म्हणजे हिरा आहे हिरा," बाइंडर म्हणाले. त्यांच्या पहिल्या भागात लग्न झालेलं होतं. "थंडीत स्वतःचा कोट काढून तिच्या खांद्यावर घालतो. तिच्या बोटाचं माप न विचारता अंगठी बरोबर आणतो."

"मला नाही आवडला तो," नर्सबाई म्हणाल्या.

"का?"

"सांगता येत नाही. माझ्या भागात काही घडतच नाही. दोन पानं नुसते चमचे मोजतात. पण ती नीट जेवत नाही, नीट झोपत नाही. वॉर्डात असं कुणी दिसलं तर मी दोनदा चक्कर मारते."

"पान क्रमांक सांगा," गणिताचे मास्तर म्हणाले. मास्तरांना पुराव्याशिवाय काहीच पटत नसे. "माझ्या भागात तो अत्यंत मुद्देसूद बोलतो. एकदाही आवाज चढवत नाही. मी त्याला पैकीच्या पैकी देईन."

बेकरीवाल्या काकूंचे डोळे अजून लाल होते. त्यांच्या पाचव्या भागात घड्याळजी एकटा स्वयंपाकघरात बसून रडतो. "कसली दगडाच्या काळजाची बाई असेल हो ती!" त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यांना हायसं वाटलं. "अगदी बरोबर. माझ्या भागात तेच आहे. रागाच्या भरात गेली असती तर मी समजू शकलो असतो. पण इस्त्री करून जाते! पुड्या बांधून जाते! थंड डोक्यानं, ठरवून केलेलं काम आहे ते."



भागांची अदलाबदल झाली. चष्मेवाल्यांनी चौथा भाग काकूंच्या हवाली केला, तेव्हा त्यातून एक केसांची पिन खाली पडली. म्हणजे मुंगी वाचत होती. त्यांनी पिन खिशात टाकली. बरं झालं, त्यांना वाटलं, आपण जे तोंडानं सांगू शकत नाही ते पुस्तकच तिला सांगेल.

मास्तरांकडून मिळालेला तिसरा भाग त्यांनी दोन दिवसांत संपवला आणि त्यांचं डोकं आणखी चक्रावलं. त्यात भांडण नाही, मारहाण नाही, दुसरी बाई नाही, दारू नाही. घड्याळजी संध्याकाळी घरी येतो, घड्याळं तपासतो, जेवतो. एकदा विचारतो, "टेबलावर चार चमचे कसे? आपण तर दोघंच आहोत." धाकटी चूक झाली म्हणते आणि दोन चमचे उचलते. बस. मग ही बाई पुढच्या भागात घर सोडते ती कशासाठी? लिहिणाऱ्यानं पानं खाल्ली की काय? वाचून झाल्यावर त्यांनी भाग मुद्दाम जेवणाच्या टेबलावर ठेवला. सकाळी तो मुंगीच्या उशाशी होता. आणि फोन रोज सातला येतच होता.

तो दुसरा रविवार उजाडला. निघताना त्यांनी मुंगीच्या दारात उभं राहून, तिच्याकडे न बघता सांगितलं, "आज चारला येतोय तो. तयार राहा." ती "बरं" म्हणाली. तिनं 'नाही' म्हटलं असतं तर त्यांना किती बरं वाटलं असतं! मग निदान वाद तरी घालता आला असता.

दुकानात पोचले तर मास्तर एका कागदावर पाच खुर्च्या काढून बाण रंगवत बसले होते.

"आपण उलटं वाचतोय," मास्तरांनी जाहीर केलं. "भाग डावीकडे जातोय, म्हणजे प्रत्येकाला आधीच्या आकड्याचा भाग मिळतोय. मी तिसऱ्यानंतर दुसरा वाचला. हे चष्मेवाले चौथ्यानंतर तिसरा. उजवीकडे द्यायला हवा होता!"

"बाइंडर!" काकू ओरडल्या. "अहो, आयुष्यभर पुस्तकं बांधता ना तुम्ही?"

"बांधतो. वाटत नाही," बाइंडर फणकारले. चूक त्यांना दिसली होती, कान लाल झाले होते, पण मागे हटतील तर ते बाइंडर कसले! "आता डावीकडे ठरलंय म्हणजे डावीकडे. मध्येच दिशा बदलली तर कुणाकडे काय आलं ते देवालाही कळायचं नाही."

आणि मग मतं. गेल्या रविवारची मतं आज कुणाच्याच अंगाला बसेनात. बाइंडरांनी आता पाचवा भाग वाचला होता, आणि त्यांचा हिरा काळवंडला होता. "तो रडतो ना, तो घड्याळं बंद पडली म्हणून रडतो. त्या रडण्यात तिचं नाव एकदाही येत नाही. मी तीनदा वाचलं."

"काहीतरीच! तिच्यासाठीच रडतो तो," काकू म्हणाल्या. पण म्हणताना अडखळल्या. त्यांनी आता चौथा भाग वाचला होता. "आणि ती... ती कप धुते ना हो स्वतःचा. मला कसंतरीच झालं. का ते विचारू नका."

नर्सबाईंनी पहिला भाग वाचला होता. "अंगठीचं माप त्याला कसं कळलं, माहितीये? ती झोपलेली असताना दोरा गुंडाळून घेतलं. तुम्हाला ते गोड वाटलं. मला नाही वाटलं."

चष्मेवाल्यांचा धीर सुटला. त्यांना चार वाजताचं उत्तर हवं होतं आणि ही माणसं भिंगं बदलावीत तशी मतं बदलत होती. "पण तो तिला करतो काय?" ते जवळजवळ ओरडलेच. "एक पान दाखवा! एक ओळ! हात उचलतो? शिवी देतो?"

 मास्तरांनी कागद खाली ठेवला. "पान नाही," ते नाइलाजानं म्हणाले. "दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात तरी नाही."

"नाहीच सापडायचं," नर्सबाई म्हणाल्या.

हे काय उत्तर झालं? चष्मेवाले तिरमिरीतच घरी निघाले. हातातला दुसरा भाग वाटेत दोनदा पडला.

घरात शिरले तर घर लखलखीत. मुंगीची बॅग दाराशी बंद करून ठेवलेली. कपाटाच्या दाराला त्यांचे शर्ट टांगलेले, कडक इस्त्रीचे, सात. टेबलावर त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पुड्या, प्रत्येकीवर वार लिहिलेला. मुंगी ओट्याशी उभी राहून एक कप पुसत होती. आधीच कोरडा असलेला कप.

ते आधी हसले. दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नाही. "काय गं, त्या पुस्तकातल्या बाईचं बघून?"

"नाही," मुंगी म्हणाली. "मी आधीपासून करते."

ते खुर्चीवर बसले. उन्हातून चालत आल्यानं त्यांना दम लागला होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "सकाळी फार वाद झाला. माझं म्हणणं एवढंच, की ती बाई आतल्या गाठीची. रागानं जाणारी बाई अशी दूध तापवून—"

"रागानं जाणारी नाहीच तापवत, बाबा."

"तेच तर म्हणतोय मी."

"घाबरलेली तापवते."

चष्मेवाल्यांनी तिच्याकडे बघितलं. परत आल्यापासून तिनं एका दमात इतके शब्द उच्चारले नव्हते. "घाबरायचं कशाला? तो बिचारा ओरडतसुद्धा नाही."

"ओरडत नाही. विचारतो." मुंगीनं कप कपाटात ठेवला, त्याचा कान भिंतीकडे वळवला, मग पुन्हा बाहेर काढला. "हा कप इथे का? कुणी ठेवला? तू ठेवलास तर का ठेवलास? रोज तिथे ठेवतेस, मग आज इथे का? मनात काय होतं तुझ्या? काहीच नव्हतं, असं कसं असेल? जेवताना विचारतो. अंथरुणावर विचारतो. आपण हो म्हटलं की, मग आधी नाही का म्हणालीस ते विचारतो. सकाळी दात घासताना पुन्हा पहिल्यापासून. हळू आवाजात. एका कपावरून तीन दिवस. चौथ्या दिवशी आपल्यालाच वाटायला लागतं, की आपण खरंच काहीतरी भयंकर केलंय."

"पण हे कुठे आहे?" चष्मेवाले गोंधळून म्हणाले. "मी वाचलाय की तिसरा भाग. त्यात तो फक्त एकदा चमच्यांबद्दल विचारतो."

मुंगीनं तोच कप पुन्हा पुसायला घेतला. 

"मुंगे, कुठल्या भागात आहे हे?"

"पुस्तकात नाहीये, बाबा."

चष्मेवाल्यांना कळायला एक क्षण लागला. मग कळलं, आणि कळल्यावर त्यांना इतकी लाज वाटली की मान वर करता येईना. सात शर्ट त्यांच्यासमोर टांगलेले होते. सासरी भीतीपोटी करत होती ते समजण्यासारखं होतं. ही बापाच्या घरातून निघतानाही तेच करून निघाली होती. बापानंही काही विचारायला जागा राहू नये म्हणून. आणि बाप तिला तयार ठेवतो म्हणाला होता.

तरीही गोंधळ संपला नाही. खोटं का सांगावं! एक मन म्हणत होतं, पोरगी हळवी आहे, एवढ्या तेवढ्यानं कुणी घर मोडतं का. दुसरं मन त्या कपाकडे बघत होतं. साडेतीन वाजले, पावणेचार वाजले. मुंगी बॅगेजवळच्या स्टुलावर जाऊन बसली, आणि चष्मेवाले येरझाऱ्या घालत राहिले.

चारला दोन मिनिटं कमी असताना जिन्यावर पावलं वाजली आणि दाराबाहेर थांबली. बेल वाजली ती बरोबर चारला. ही दोन मिनिटं तो नुसता उभा होता.

चष्मेवाल्यांनी दार उघडलं. जावई नीटनेटका, हसतमुख. "बाबा, तब्येत बरी ना? तयार आहे ना ती?"

"ती येणार नाही आज." हे आपणच बोललो, याचं चष्मेवाल्यांना नवल वाटलं.

"अच्छा." जावयाचा आवाज जराही बदलला नाही. "हे तिनं ठरवलं की तुम्ही?"

"म्हणजे... आम्ही दोघांनी."

"दोघांनी. कधी ठरवलंत? काल संध्याकाळी तर तुम्ही फोनवर या म्हणालात. मग काल ठरलेलं नव्हतं?"

"नाही, काल नव्हतं."

"म्हणजे आज ठरलं. आज काय झालं? कुणी काही बोललं का तुमच्याशी? नाही? मग आपोआप ठरलं? काल तुम्ही मनापासून बोलत होतात ना, बाबा? मग आज मनापासून बोलताय की काल बोलत होतात?"

प्रत्येक प्रश्न साधा होता. प्रत्येकाला उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तर दिल्यावर चष्मेवाले थोडे आणखी खोटे पडत होते.  माफी मागावी, आत बोलवावं, चहा टाकायला सांगावं, म्हणजे हे विचारणं थांबेल, असं त्यांना फार फार वाटलं. चूक आपलीच आहे, फक्त कुठे झाली ते सापडत नाहीये, असंही वाटलं.

"बाबा," जावई अगदी मायेनं म्हणाला, "तुमचा काहीतरी गोंधळ होतोय."

"होतोय," चष्मेवाले म्हणाले. "माझा होतोय. तिचा होत नाहीये."

आणि जावई पुढचा प्रश्न विचारायच्या आत त्यांनी दार लावून घेतलं. दिलेला शब्द आयुष्यात पहिल्यांदा खाली पडला. बाहेर बराच वेळ काहीच आवाज आला नाही, मग पावलं जिना उतरून गेली.

 चष्मेवाले भिंतीला धरून तिथेच जमिनीवर बसले. समोर स्टुलावर मुंगी, बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मला चार मिनिटं झेपलं नाही गं," ते म्हणाले. "तू चार वर्षं—"

 मुंगीनं पट्टा सोडला, स्टुलावरून उतरून ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली आणि लहानपणी रडायची तशी, मोठ्यानं, रडायला लागली. चष्मेवाल्यांना काय करावं ते कळेना. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.